परतीचे पैसे

गिर्यारोहणावरचे मराठी लेख मी शाळेत होते तेव्हापासून वाचत आले आहे. त्यांत वारा असतो, बर्फ असतो, तंबूतली थंडी असते, शिखरावरचा झेंडा असतो. पैसे मात्र नसतात. फार तर शेवटी देणगीदारांचे आभार मानलेले असतात. ज्या घरात महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब पुढे ढकलला जातो, त्या घरातल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उंचीचा येत नाही. किती लागले, आणि आणले कुठून, हे त्याला आधी जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

मी कल्याणच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. बी.एड. झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना ८,००० रुपये मानधनावर काढली. त्या तीन वर्षांनी मला जे गणित शिकवले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. माझे पती भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितात. म्हणजे घरात दोन हिशेबनीस आणि शिल्लक बेताची.

डोंगराची ओढ मात्र दोघांनाही. कल्याणच्या माणसाला ती लागायला वेळ लागत नाही. लहानपणी नानीच्या बोटाला धरून हाजी मलंगच्या पायऱ्या चढले. मोठेपणी कल्याण स्थानकातून आसनगावची लोकल धरून माहुली, एस.टी.च्या स्टँडवरून मुरबाडमार्गे गोरखगड, माळशेजच्या वाटेने हरिश्चंद्रगड. सह्याद्री गरिबाला परवडतो. बसचे तिकीट, डब्यातली भाकरी आणि गावातल्या एखाद्या मावशीकडचा चहा, एवढ्यात दोन दिवस निघतात. याच भटकंतीत डोंबिवलीची एक परिचारिका मैत्रीण आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी करणारा तिचा धाकटा भाऊ आमच्याशी जोडले गेले. मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स आम्ही चौघांनीही वेगवेगळ्या वर्षी केला होता. एका पावसाळ्यात सिद्धगडाच्या माचीवर भिजत बसलो असताना नेपाळचा विषय निघाला. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालायचे आणि वाटेतल्या आयलंड पीकवर, म्हणजे सहा हजार मीटरांहून थोड्या उंच शिखरावर, चढाईचा प्रयत्न करायचा.

एव्हरेस्टचे नाव काढले की मराठी माणसाला १९९८ आठवते. त्या वर्षी मे महिन्यात हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने शिखरावर पोचले. मग २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम झाली, उमेश झिरपे तिचे नेते होते आणि आठ जण माथ्यावर उभे राहिले. मला मात्र त्या सगळ्यांत जवळचे वाटतात ते औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख. २०१४ मध्ये ते गेले, तर १८ एप्रिलला खुंबू हिमप्रपातावर हिमलोट कोसळून १६ नेपाळी कामगार गेले आणि मोसमच संपला. २०१५ मध्ये पुन्हा गेले, तर २५ एप्रिलचा भूकंप झाला. २०१६ च्या मे महिन्यात तिसऱ्या खेपेला ते शिखरावर पोचले. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो मी शाळेच्या फळ्यावर चिकटवला होता. मुले झेंडा पाहत होती आणि मी मनात तीन मोसमांची बेरीज करत होते. नेपाळ सरकारने त्या दोन्ही वर्षांच्या परवान्यांची मुदत वाढवून दिली हे खरे. पण प्रवास, मुक्काम, अन्न, शेर्पांचे काम यांवर झालेला खर्च कुठले सरकार परत देते? आणि परवाना तरी केवढ्याचा! २०१५ पासून तो माणशी ११,००० डॉलर होता, सप्टेंबर २०२५ पासून १५,००० झाला. म्हणजे आपल्या पैशांत तेरा लाखांच्या आसपास, आणि तोही केवळ पाऊल टाकण्याच्या परवानगीचा.

आमचे शिखर त्यामानाने गरिबांचे. तरी रक्कम कागदावर उतरवली तेव्हा छाती दडपलीच. माणशी रेल्वे, बस, जीप ९,०००. परवाने, गाइड, दोर आणि चढाईचे सामान मिळून एजन्सीला ७८,०००. वाटेवरचे राहणे-जेवण २१ दिवसांचे, रोज ३,५०० नेपाळी रुपये धरून, ४६,०००. कपडे, बूट, भाड्याच्या झोपपिशव्या १२,०००. विमा ७,०००. आणि राखीव २०,०००. एकूण १,७२,००० रुपये.

ही यादी अम्मीला वाचून दाखवली तेव्हा शेजारच्या खाला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशांत हजचा अर्धा रस्ता पार होतो, बेटा." त्यांचे म्हणणे मनाला लागले, पण त्यातूनच मला अंदाजपत्रकाचे पहिले कलम सापडले. हज फर्ज होते ती इस्तिताअत असेल तर. इस्तिताअत म्हणजे फक्त तिकिटाचे पैसे नव्हेत. डोक्यावरचे देणे फिटलेले हवे, जाण्या-येण्याचा खर्च हवा, आणि आपण परत येईपर्यंत घरी राहिलेल्यांच्या पोटापाण्याची सोय हवी. एवढ्या पवित्र प्रवासालाही ही अट आहे, तर आमच्या हौसेच्या प्रवासाला ती दुप्पट असायला हवी. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत आम्ही घर लिहिले. मे आणि जून महिन्यांचे भाडे, किराणा, अम्मीची रक्तदाबाची औषधे, मुलीची जूनमधली वह्या-पुस्तके. हे पैसे अम्मीच्या हाती देऊन झाल्याशिवाय काठमांडूचे नाव काढायचे नाही. खाला हसल्या आणि म्हणाल्या, "मग जा."

नोव्हेंबर २०२० पासून आम्ही दोघे मिळून महिना ११,५०० बाजूला टाकू लागलो. टाळेबंदीने बाहेरचे खर्च तसेही आटले होते. तीस महिन्यांत ३,४५,००० झाले. मधल्या रमजानमध्ये, एप्रिल २०२२ ला, त्यात २,०७,००० जमले होते आणि अडीच टक्क्यांनी त्याची ५,१७५ रुपये जकात निघत होती. पती म्हणाले, डोंगरासाठी ठेवलेल्या पैशांवर कशाला? पण पैशाला आपण काय नाव दिले आहे हे जकात विचारत नाही. वर्षभर पडून असलेली बचत ती बचतच. ती रक्कम आम्ही त्या महिन्याच्या पगारातून दिली. मैत्रिणीने तिच्या भिशीतून पैसे उभे केले. तिच्या भावाने मात्र पतसंस्थेकडून एक लाखाचे कर्ज काढले. हे आम्हाला ठाऊक होते. पण ते त्याच्या मनावर किती बसले आहे हे ठाऊक नव्हते.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेश वाटत नाही. नोटा मोजायला लागलो की वाटतो. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दर स्थिर, पण नोटांचे नशीब अस्थिर. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळी लोकांकडच्या आपल्या पाचशे-हजारच्या नोटा तशाच पडून राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा बाळगायलाच बंदी केली. आम्ही मे २०२३ मध्ये गेलो तेव्हा ती लागू होती. चौघांचा रोजचा खर्च आणि राखीव मिळून २,६४,००० रुपये न्यायचे होते. ते सगळे शंभरच्या नोटांत, म्हणजे २६ गड्ड्या आणि वर ४० नोटा. बँकेतल्या रोखपालाने विचारले, "मॅडम, घरात लग्न आहे का?"

या गड्ड्या चौघांत वाटून, कपड्यांच्या आत शिवलेल्या पिशव्यांत घालून, कल्याण ते गोरखपूर रेल्वेने, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे रात्रीच्या बसने काठमांडू, असा प्रवास केला. रेल्वेत कुणीतरी एक जण कायम जागे असे. काठमांडूला बदलून घेतल्यावर ४,२२,४०० नेपाळी रुपये हाती आले, हजाराच्या नोटांत. ओझे हलके झाले. आम्ही नामचेला असताना, १९ मे रोजी, भारतात दोन हजारांची नोट मागे घेण्याची घोषणा झाली. लॉजमधले काही भारतीय प्रवासी फोनवरून घरी विचारत होते, कपाटात किती आहेत. आमच्याकडे ती नोट नव्हतीच. पुढे मार्च २०२४ मध्ये आपल्याकडच्या मोबाइलवरून नेपाळी दुकानांत पैसे देण्याची सोय सुरू झाली. काठमांडूत तिचा उपयोग आहे. पण नामचेच्या वर एटीएम नाही आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. तिथे पैसे म्हणजे खिशात असतील तेच.

निघण्याआधी कल्याणला आमच्या घरी चौघे बसलो आणि वहीच्या पहिल्या पानावर करार लिहिला. माझाच आग्रह होता. मैत्रीण म्हणाली, "आपल्यात कशाला लिहायचे?" मी तिला सांगितले की, कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. जिथे आपलेपणा असतो तिथेच लिहायला संकोच वाटतो आणि तिथेच पुढे मने तुटतात. पानावर पाच कलमे आली. एक, सामायिक पैसे एकीकडे आणि त्यांची वही रोज संध्याकाळी सर्वांसमोर. दोन, एजन्सीला भरलेले पैसे कुणी वर गेले नाही तरी परत मागायचे नाहीत. तीन, राखीव रक्कम दोन पाकिटांत, कारण वेळ आली तर दोघे खाली आणि दोघे वर असे व्हायचे. चार, आजारी माणसाला उतरवण्याचा खर्च चौघांचा, कुणा एकाचा नाही. पाच, पोर्टरच्या मजुरीत घासाघीस नाही. पाचवे कलम २०१४ मुळे आले. हिमलोटात गेलेल्या कामगारांच्या घरच्यांना सरकारने सुरुवातीला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले होते, आपले २५,०००. ही किंमत वाचल्यापासून डोंगरावर मजुराशी दोन-दोनशेसाठी हुज्जत घालणे मला जमेना.

विमानाचे पैसे वाचवायला आम्ही सल्लेरीपर्यंत जीपने गेलो आणि तिथून नुनथला, खारीखोला करत लुक्लाच्या वाटेला लागलो. या वाटेवर एक सोपा नियम कळतो. जसजसे वर जावे तसतसा भात महाग होतो, कारण तांदूळ कुणाच्या तरी किंवा कशाच्या तरी पाठीवरून आलेला असतो. राहण्याची खोली स्वस्त, पण तिथेच जेवायचे ही बोली. गरम पाणी, मोबाइल चार्ज करणे, अंघोळ, सगळ्याला वेगळे पैसे. डाळ-भात मात्र पोट भरेपर्यंत वाढतात, म्हणून हिशेबी माणसाचे जेवण तेच. मांस आम्हा दोघांना हलालच्या प्रश्नामुळे नकोच होते, आणि ते कित्येक दिवस पाठीवरून वर येत असल्याने जाणते लोकही टाळतात. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क सार्क देशांच्या लोकांना १,५०० आणि इतर परदेशीयांना ३,००० नेपाळी रुपये, कर वेगळा. शेजारी असण्याची तेवढी सवलत.

दिंगबोचे ४,४१० मीटरांवर आहे. तिथे दोन रात्री थांबून आम्ही छुखुंगला, साधारण ४,७३० मीटरांवर गेलो. त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे वही काढली. चौघांच्या नावांचे रकाने होते. मैत्रिणीच्या भावाच्या रकान्यात तीन रात्री एकच शब्द होता, लसूण सूप. डाळ-भात नाही, रोटी नाही. मी त्याला बाजूला बोलावून विचारले. तो म्हणाला, "मॅडम, पैसे वाचवतोय. परत गेल्यावर हप्ता आहे."

मी म्हटले, "सामायिक पैशांतून जेवतोयस. न जेवून तुझा एकही रुपया वाचत नाही."

तो गप्प झाला. मग हळूहळू बाहेर आले. दिंगबोचेपासून डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती, अन्नाचा वास नको होता. बहिणीला त्याने कळू दिले नव्हते. "एक लाखाचे कर्ज काढून आलोय. इथून परत गेलो तर काय तोंड दाखवू?"

त्या क्षणी मला अमेरिकेतल्या डग हॅन्सनची आठवण झाली. हा टपाल खात्यात काम करणारा माणूस. १९९५ मध्ये शिखराच्या जवळून त्याला परत फिरवले गेले होते. १९९६ मध्ये तो पुन्हा गेला. त्या मोहिमेचे शुल्क ६५,००० डॉलर होते. रात्रपाळ्या करून त्याने पैसे जमवले, मार्गदर्शक रॉब हॉल यांनी त्याला सवलत दिली, आणि एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी टी-शर्ट विकून त्याला हातभार लावला. १० मे १९९६ ला परत फिरण्याची ठरलेली वेळ उलटून गेल्यावर, दुपारी चारच्या पुढे तो शिखरावर पोचला. तो आणि हॉल दोघेही परतले नाहीत. त्या उशिराची कारणे अनेक असतील. पण शिक्षिका म्हणून मला ती टी-शर्ट विकणारी मुले विसरता येत नाहीत. आपल्यावर कुणाचे तरी पैसे आहेत, ही जाणीव माणसाला खालून वर ढकलत राहते. दिलेले पैसे तर गेलेलेच असतात, माथ्यावर पोचून ते वसूल होत नाहीत. सपाटीवर बसून हे चटकन पटते. चार हजार मीटरांच्या वर, दुखत्या डोक्याने, पटवून घेणे कठीण.

मी त्याच्यापुढे वहीचे पहिले पान उघडले आणि चौथ्या कलमावर बोट ठेवले. त्याची सही खाली होतीच. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "ताईला सांगा."

मैत्रिणीने त्याला सरळ रेषेत, टाचेला बोट लावून, चालायला लावले. तोल अजून जात नव्हता. लॉजवाल्याने आपणहून विचारले, "हेलिकॉप्टर बोलावू का?" विम्याच्या पैशांवर डोळा ठेवून अनावश्यक हेलिकॉप्टरे उडवण्याचा प्रकार नेपाळमध्ये इतका बोकाळला होता की, २०१८ मध्ये सरकारने चौकशी केली. याच्या मनात तसे काही होते असे मी म्हणत नाही. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "चालू शकतोय तोवर चालत उतरवू. उंची कमी होणे हेच पहिले औषध." एक पाकीट तिच्या हाती दिले. पोर्टरला बरोबर घेऊन, टॉर्चच्या उजेडात ती दोघे त्याच रात्री दिंगबोचेला उतरली, आणि सकाळी फेरिचेच्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी वर जायला मनाई केली, औषध दिले. दोन दिवसांनी तो डाळ-भात जेवला, असा निरोप पोर्टरने आणला. वहीत त्या दिवशी मी त्याच्या रकान्यात लाल शाईने डाळ-भात लिहिले.

आम्ही दोघे दुसरे पाकीट घेऊन वर गेलो. पहाटे हिमनदीवर पोचलो, दोर बांधले, क्रॅम्पॉन चढवले. शेवटच्या बर्फाच्या भिंतीपाशी वारा असा सुटला की उभे राहवेना. गाइडने मान हलवली आणि आम्ही मागे वळलो. शिखर दिसत होते, एवढेच. शिखरावर पोचल्यास गाइडला वेगळी बक्षिसी देण्याची पद्धत आहे. आम्ही तेवढीच रक्कम त्याला दिली. तो घेईना, म्हणाला, "माथा तर झाला नाही." पती म्हणाले, "तुम्ही आम्हाला परत आणलेत, त्याचे आहेत." माथ्यासाठीच बक्षिसी ठेवली, तर वाऱ्यात मान हलवणाऱ्या गाइडचे नुकसान करणारे आपणच ठरतो.

काठमांडूला वही बंद केली. उतरवणे, दवाखाना, जादा मुक्काम मिळून राखीवातले ३१,००० नेपाळी रुपये गेले होते. १,२८,००० मधून उरले ९७,०००, माणशी २४,२५०, म्हणजे आपले १५ हजारांवर. वाटणी करताना तो म्हणाला, "माझे कापून घ्या. माझ्यामुळे झालेत." त्याची बहीणही तेच म्हणू लागली. पती म्हणाले, "पान लिहिले तेव्हा कुणाचे डोके दुखणार हे ठरले नव्हते." थोडी खेचाखेच झाली, आवाज चढले. अखेर त्याने चौथा हिस्सा घेतला, पण सीमा ओलांडेपर्यंत आमच्याशी धड बोलला नाही. उपकार वाटू नये म्हणूनच आधी लिहिलेले असते, हे त्याला पटायला गोरखपूरचे स्टेशन यावे लागले. तिथे त्याने आम्हा सर्वांना चहा पाजला आणि त्याचे पैसे वहीत लिहू दिले नाहीत.

नववीला गुणोत्तर शिकवताना मी आता ही वही वर्गात नेते. १ ला १.६० हे मुलांना लगेच जमते. शंभरच्या नोटांच्या गड्ड्या मोजायला त्यांना मजा येते. पहिल्या पानाशी आले की वर्गात वाद होतो. एक मुलगी दरवर्षी विचारतेच, की जो आजारी पडला त्याने जास्त का द्यायचे नाहीत? मी उत्तर सांगत नाही. गट करून त्यांनाच स्वतःचे पान लिहायला लावते. बहुतेक गटांत पहिल्या ओळीत घर येते. चौथे कलम यायला वेळ लागतो, आणि ते ज्या गटात येते तिथे बहुधा घरी कुणीतरी आजारी असते.

मैत्रिणीच्या भावाचे कर्ज २०२५ मध्ये फिटले. आता तो महिना चार हजार बाजूला टाकतो. कुठे जायचे ते अजून ठरलेले नाही.